गाडी लागली, गन लागेना

सरकारी कागदानुसार शिरवळमध्ये विजेच्या गाडीवर उपाशी राहायची वेळ येणंच शक्य नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये चार्जिंगच्या सोयींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या सुधारल्या आणि त्यांत लिहून टाकलं, की शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या दर चौकोनात किमान एक चार्जिंग स्टेशन असावं आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक. शिरवळ पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, नीरा ओलांडली की लगेच, बंगळूरु महामार्गाला अगदी खेटून. म्हणजे पुण्याहून शिरवळपर्यंत नुसती ही सूचना चालत आली असती, तरी वाटेत दोनदा चार्ज झाली असती.

शिरवळमधल्या एका नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या भाऊंना हे सगळं तोंडपाठ आहे. भाऊ हे कुणा एकाचं नाव नव्हे, ती जमात आहे. महामार्गाकडेच्या प्रत्येक वाढत्या गावात हल्ली एक तरी भाऊ सापडतो. हिरवी नंबरप्लेट, फोनमध्ये अर्धा डझन ॲप, डिकीत वायरचं वेटोळं आणि चेहऱ्यावर कुणाचंही प्रबोधन करायची तयारी. नमुन्यादाखल आपण शिरवळचेच भाऊ घेऊ.

भाऊंचं घर शिरवळात, नोकरी पुण्यात. रोजचं जाणं-येणं शंभर किलोमीटरच्या घरात. पेट्रोलने लिटरमागे शंभरी गाठली, त्या दिवसांत भाऊंनी वही काढून हिशोब मांडला. विजेच्या गाडीवरचा जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ वर आलेला. इंजिन नाही म्हणजे ऑइल नाही, फिल्टर नाही, मेस्त्री नाही. हिशोब इतका सुंदर जमला, की भाऊंनी तो वहिनींना दोनदा वाचून दाखवला.

वहिनींनी एकच विचारलं, “आणि ती चार्ज कुठे करायची?”

“अगं, वीज काय, सगळीकडेच असते!”

हे वाक्य वहिनींनी जपून ठेवलं आहे. महिन्यातून चार-पाच वेळा त्या ते योग्य जागी वापरतात.

सोसायटीला पार्किंग आहे, पार्किंगला खांब आहेत, खांबांवर नंबर आहेत. प्लग तेवढा नाही. भाऊंनी स्वतःच्या खर्चाने १५ अँपिअरचा एक पॉइंट मागितला, म्हणून सर्वसाधारण सभा भरली. टाकीची सफाई झाली, लिफ्टचा आवाज झाला, गच्चीवरच्या पापडांचा वाद झाला आणि ‘आयत्या वेळचे विषय’ यात भाऊ आले.

“पावसाळ्यात फरशीवर करंट उतरला तर? पोरं खेळतात तिथे,” सेक्रेटरी म्हणाले.

“अहो, अर्थिंग असतं. एमसीबी असतो.”

“मीटर कुणाचा?”

“माझा. माझ्याच मीटरवरून वायर खाली आणतो.”

“वायर भिंतीवरून येणार. भिंत कॉमन आहे.”

“मग नवा मीटर घेतो.”

“मीटररूममध्ये जागा नाही. आणि आज तुम्हाला दिला, उद्या सगळ्यांनी मागितला, तर लोड केवढा वाढेल? डीपी उडाली की अख्खी सोसायटी अंधारात. शिवाय गाडीने पेट घेतला तर पहिली माझी जळणार. माझी शेजारीच असते.”

विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. पुढच्या सभेत तो मागच्या सभेत तहकूब झाल्याची नोंद मंजूर झाली.

भाऊंनी मग तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडून पाहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले. पहिल्या मजल्यावर मनीप्लँटने तिला आपलंसं केलं. तळमजल्याच्या जरा वर ती संपली. दुकानातून आणखी दहा मीटर आणेपर्यंत सेक्रेटरींची नोटीस आली, की इमारतीच्या दर्शनी भागावर काहीही लटकवू नये. वर लटकणारे टॉवेल नोटिशीत आले नाहीत. ते सेक्रेटरींच्या मेहुण्यांचे होते.

तशी वायर पुरली असती, तरी साध्या प्लगवर धीर धरावा लागतोच. १५ अँपिअरच्या पॉइंटमधून तासाला जेमतेम तीन युनिट वीज गाडीत उतरते. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. म्हणजे रात्री नऊला लावा, सकाळी सातला काढा. एआरएआयच्या दाखल्यावर तिची मजल होती ३१२ किलोमीटर. ही संस्था पुण्यातलीच, कोथरूडच्या बाजूला टेकडीवर वसलेली. तिथे प्रयोगशाळेत रोलरवर चाकं फिरवून मजल मोजतात. रोलरला कात्रजचा चढ नसतो, समोर उसाची ट्रॉली नसते आणि मागच्या सीटवरून “एसी वाढवा जरा” असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे कागदावरचे ३१२ रस्त्यावर दोनशेच्या आसपास येतात. जुनी गाडीवाली मंडळी ॲव्हरेज सांगताना पाच-सहा किलोमीटरची थाप मारत आली आहेत. भाऊंना त्यासाठी सरकारमान्य दाखला मिळाला, एवढंच.

घरी प्लग नाही म्हटल्यावर भाऊ सार्वजनिक चार्जरकडे वळले आणि त्यांना कळलं, की सार्वजनिक चार्जर आधी फोनमध्ये असतो, मग जमिनीवर. प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं. प्रत्येकात नाव, नंबर, ओटीपी, गाडीचा फोटो आणि वॉलेटमध्ये आगाऊ पैसे. ह्या गोंधळावर उपाय म्हणून नीती आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ‘ई-अमृत’ पोर्टल सुरू केलं. डिसेंबर २०२२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोने ‘ईव्ही यात्रा’ हे ॲप आणलं. महावितरणचं स्वतःचं ‘पॉवरअप’ आहेच. चार्जर कुठे आहे हे सांगणाऱ्यांची टंचाई देशात आता अजिबात उरलेली नाही. भाऊंचे थोडे थोडे पैसे इतक्या वॉलेटांमध्ये विखुरले आहेत, की त्यांचं मृत्युपत्र करायची वेळ आली तर वकिलाला सगळे पासवर्ड लागतील.

ॲपच्या नकाशावर शिरवळ परिसर हिरव्यागार ठिपक्यांनी फुललेला दिसतो. हिरवा ठिपका म्हणजे चार्जर चालू आणि मोकळा. भाऊ ठिपक्याच्या मागावर निघतात. ठिपका महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलच्या आवारात निघतो. चार्जर खरोखरच उभा असतो. वर छानसं छत, छतावर हिरवं पान, पानाखाली पृथ्वी वाचवण्याबद्दल दोन ओळी आणि त्यांच्याखाली भाजीचा टेम्पो.

“अहो, हा चार्जिंगचा पॉइंट आहे.”

“व्हय, म्हाईत हाय की,” टेम्पोवाला आतून म्हणतो, “सावली लय झ्याक पडतीया. कोथिंबीर हाय मागं.”

कोथिंबिरीपुढे पर्यावरणाचा मुद्दा टिकत नाही. टेम्पो हलेपर्यंत भाऊ उन्हात थांबतात. टेम्पो गेला की भाऊ गन उचलतात, गाडीत खोचतात, ॲपवर क्यूआर कोड धरतात. चाक गरगर फिरतं. गाडीचं नव्हे, ॲपमधलं. मग इंग्रजीत संदेश येतो, की चार्जरशी संपर्क होऊ शकत नाही, कृपया नेटवर्क तपासा. भाऊ फोन डोक्यावर धरून आवारात फेऱ्या मारतात. हॉटेलातले लोक जेवता जेवता बघतात. एक मुलगा आईला विचारतो, “ते काका काय करतायत?” आई म्हणते, “जेव तू.”

हॉटेलचे मॅनेजर हात वर करतात. “आमचं नाय ते, कंपनीचं हाय. आम्ही फक्त जागा दिलीय.” भाऊ कंपनीला फोन लावतात. मराठीसाठी दोन दाबल्यावर हिंदीतून एक गोड आवाज येतो.

“सर, आप चार्जर के पास हैं?”

“होय, जवळच उभा आहे.”

“सर, हमारे सिस्टम में चार्जर चालू दिखा रहा है।”

“इथे बंद दिसतोय.”

“लेकिन सर, सिस्टम में चालू है।”

सिस्टम आणि शिरवळ यांच्यात कुणाचं खरं धरायचं, हा प्रश्न त्या मुलीच्या अखत्यारीत येत नसतो. ती तक्रार क्रमांक देते. तो इतका लांबलचक असतो, की लिहून घेताना भाऊंच्या फोनचीच बॅटरी दोन टक्क्यांनी उतरते. मग मॅनेजरांकडचा एक पोरगा येतो आणि चार्जरच्या मागचं बटण बंद करून पुन्हा चालू करतो. चार्जर सुरू होतो. पोरगा म्हणतो, “असंच करायचं असतंय.” तंत्रज्ञानातली एवढी मोठी मजल मारून मनुष्यजात पुन्हा त्याच बटणापाशी आलेली पाहून भाऊंना थोडं वाईट वाटतं. पण ते पोराला दहा रुपये देतात आणि घरी आल्यावर सांगतात, “सर्व्हिस फार चांगली आहे.”

भाऊंची खरी ताकद इथे आहे. गाडी घेतल्यापासून काहीही बिनसलं तरी ते सोयीचंच निघतं. चार्जरवर तासभर थांबावं लागलं की भाऊ म्हणतात, “माणसाने सलग गाडी चालवूच नये, मणक्याला वाईट.” गन गाडीत अडकून सुटेनाशी झाली की म्हणतात, “चोरीची भीती नाही.” कंपनीने मध्येच दर वाढवले की म्हणतात, “मागणी वाढतेय, चांगली खूण आहे.” गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि सार्वजनिक चार्जिंगवर मात्र १८, हे वहिनींनी दाखवून दिल्यावर ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “देशाला पैसा लागतोच की.”

एकदा ॲपने एका शासकीय आवारातला ठिपका दाखवला. भाऊ गेले तर चार्जर बाबा आदमच्या काळातला, पण चालू! भाऊंना गहिवरून आलं. गन हातात घेतली, तर ती गाडीत बसेना. तो निघाला ‘भारत डीसी-००१’ जातीचा, १५ किलोवॅटचा. ह्या जातीचे चार्जर सुरुवातीला सरकारी खात्यांसाठी घेतलेल्या विजेच्या गाड्यांसाठी बसवले गेले. नंतरच्या खासगी गाड्या सीसीएस-२ गन घेऊन आल्या. आता जुन्या चार्जरला लागेल अशी गाडी रस्त्यावर विरळा आणि भाऊंच्या गाडीला लागेल असा चार्जर त्या आवारात नाही. पहारेकरी खुर्चीतूनच म्हणाला, “हिला कुणीच लावत न्हाय. पर रोज पुसून ठेवतो आमी.”

शुक्रवारी संध्याकाळपासून भाऊंची खरी परीक्षा सुरू होते. पुण्या-मुंबईचे लोक महाबळेश्वर-पाचगणीला निघतात, कोल्हापूरकर घरी निघतात आणि ज्या चार्जरवर आठवडाभर कोथिंबीर विसावलेली असते, तिथे हिरव्या नंबरप्लेटांची रांग लागते. लग्नात जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा पाहुणा उभा राहतो आणि त्याच्या पानातला श्रीखंडाचा शेवटचा घास मोजत असतो, तसे भाऊ पुढच्या गाडीच्या पडद्याकडे बघत उभे राहतात. ७६ टक्के. ७७. ७८.

इथे एक शास्त्र आहे. डीसी चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत गाडी भराभर भरते. त्यापुढे बॅटरी जपण्यासाठी वेग मुद्दाम कमी होतो आणि शेवटचे २० टक्के भरायला कधी कधी आधीच्या साऱ्याइतका वेळ लागतो. म्हणून ८० झाले की गाडी काढून दुसऱ्याला जागा द्यावी, असा सभ्य संकेत आहे. संकेत सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणूनच ८० च्या सुमारास गाडीमालक जेवायला आत जातो आणि फोन गाडीत विसरतो.

“तुमचे ८३ झालेत,” भाऊ त्याला टेबलाशी गाठून सांगतात.

“हो का? बस, दहाच मिनिटं. घाट चढायचाय ना.”

“खंबाटकीला काही शंभर टक्के लागत नाहीत हो.”

“मिसेसना टेन्शन येतं.”

मिसेस समोर बसून आइस्क्रीम खात असतात. टेन्शनचं नाव काढताच त्या दचकून वर बघतात. अशा वेळी भाऊंच्या मनात स्थानिक आरक्षणाचा विचार येतो. एमएच-११ च्या हिरव्या पाटीला वेगळी रांग असावी, असं निवेदन त्यांनी लिहून ठेवलंय. द्यायचं कुणाला, हे ठरत नसल्याने ते पाकिटातच आहे.

रांगेत उभं राहायचं म्हणजे काहीतरी खावं लागतं. हॉटेलवाला चार्जर उगीच बसवून घेत नाही. पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागायची, तेवढ्यात फार तर एक चहा व्हायचा. चार्जिंगला पाऊण तास लागतो आणि पाऊण तासात मिसळ, दोन वडे, ताक आणि “तुम्ही नाहीच घेणार का काही?” म्हणून वहिनींची एक थाळी होते. वहीतल्या हिशोबात भाऊंनी वीज धरली होती, टायर धरले होते, विमा धरला होता. मिसळ धरली नव्हती. गाडीचा किलोमीटरमागे खर्च खरोखरच उतरला. भाऊंच्या पँटचं माप मात्र चढत गेलं आणि गेल्या दिवाळीला शिंप्याने “भाऊ, बसून काम असतं का?” असं विचारलं.

तळमजल्यावरचे आबा हे सगळं रोज बघतात. आबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि बाकावर बसून कुणालाही तिकिटाइतकीच छोटी उत्तरं देतात. भाऊंची गाडी सकाळी निघाली की ते म्हणतात, “आवाज न्हाय, काय न्हाय. गाडी हाय का मांजर?” पण विजेच्या वाहनाबद्दल आबांच्या मनात आकस नाही. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला गेली आणि १ जून २०२२ ला त्याच मार्गावर विजेवरची पहिली ‘शिवाई’ धावली, हे ते अभिमानाने सांगतात. पुढे जोडतात, “पर यष्टीनं आधी डेपोत चार्जर बसवला, मग गाडी आणली. तुमी उलटं केलंसा.”

भाऊंनी त्यांना पटवून द्यायचा प्रयत्न केला, की प्रत्येक नव्या वाहनाच्या नशिबी हे आलंच. १८८८ मध्ये जर्मनीत बेर्टा बेन्झ नावाची बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन माहेरी निघाली. तेव्हा जगात एकही पेट्रोल पंप नव्हता. वाटेत इंधन संपलं, तर वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचा डाग काढायचा द्रव विकत घेतला आणि मोटारीत ओतला. तो औषधवाला म्हणजे जगातला पहिला पेट्रोल पंप!

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजी तुमी बी आता मेडिकलात जाऊन बघणार व्हय?”

शिरवळला तसं प्रवाशाचं कौतुक काही नवीन नाही. जवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. महामार्गालगत जुनी दगडी पाणपोई अजून उभी आहे, तिथे पाणी प्यायला ना ओटीपी लागायचा ना वॉलेट. गावात सुभानमंगळ गढीच्या खुणा आहेत, म्हणजे वाटेवरचं ठाणं म्हणूनही गावाला अनुभव आहे. आज इथल्या कारखान्यांत गोदरेजचे फ्रिज तयार होतात आणि क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही शिरवळलाच आहे. त्यावर आबांचा एक आवडता युक्तिवाद आहे. “बैलगाडी घेतली असतीत, तर बैल बसला तरी हितं कॉलेज हाय. तुमची बसली तर काय करणार?”

भाऊंना जास्त लागतं ते मात्र धोरणाचं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये विजेच्या वाहनांचं धोरण आणलं आणि चार महामार्ग चार्जिंगसाठी सज्ज करायचं ठरवलं. मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, मुंबई-नागपूर आणि पुणे-नाशिक. भाऊंनी यादी उलटसुलट वाचली, मागचं पानही पाहिलं. पुणे-सातारा कुठेच नाही. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवं धोरण मंजूर केलं. त्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना पूर्ण टोलमाफी आली. भाऊ रोज ज्या खेड-शिवापूरच्या नाक्यावरून जातात, त्याचं नाव त्यातही नाही. टोल वाचवायचा तर भाऊंना आधी टोल भरून अटल सेतूपर्यंत जावं लागेल. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करू, असं मात्र ह्या धोरणातही आहे. पुणे-साताऱ्याच्या सहापदरीकरणाचं काम २०१० मध्ये सुरू झालं आणि ते २०१३ मध्ये पुरं व्हायचं होतं. त्यामुळे ह्या रस्त्यावरच्या माणसांनी मुदत ह्या शब्दाचा धसका कधीच सोडून दिला आहे.

आकड्यांवर मात्र भाऊ खूश असतात. २०२४ च्या अखेरीस देशात २५ हजारांहून जास्त सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं होती आणि त्यांतली साडेतीन हजारांहून जास्त महाराष्ट्रात. पहिला नंबर कर्नाटकाचा, पावणेसहा हजारांच्या घरात. म्हणजे ह्याच महामार्गावर उलट दिशेने तोंड करून चालत राहिलं, तर चार्जर वाढत जातात. वहिनी म्हणाल्या, “मग बंगळूरुलाच नोकरी बघा.” नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या, हेही भाऊंनी सांगून पाहिलं. वहिनींनी नॉर्वेत लाइट जाते का, एवढंच विचारलं.

कारण शिरवळात ती जाते. चार्जर चालू, गन लागलेली, पुढची रांग संपलेली, गाडी ३४ टक्क्यांवर, आणि सगळं आवार एकदम काळंकुट्ट. हॉटेलचा जनरेटर भुंकून उठतो. ट्यूबलाइट लागतात, मिक्सर लागतो, कॅश काउंटर लागतं. चार्जर लागत नाही, कारण जनरेटर त्याच्या लोडला पुरत नाही. भाऊंनी रात्री उशिरा जायची युक्ती काढली, तेव्हा गर्दीही नसते आणि व्होल्टेजही बरं मिळतं. अशाच एका मध्यरात्री ते गाडीत बसून टक्के मोजत होते, तर नीरेकाठचा एक शेतकरी मोटारसायकलवरून आला. शेतीला लाइट पाळीने मिळते, त्याची ह्या आठवड्यात रातपाळी होती. काचेवर टकटक करून त्याने विचारलं, “तुमची बी रातची पाळी का?”

“हो.”

“ऊस?”

“नाही, गाडी.”

शेतकऱ्याने गाडीकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, भाऊंच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं आणि सहानुभूतीने तंबाखूची डबी पुढे केली. आबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना जुने दिवस आठवले. चेतकसाठी नंबर लावला तेव्हा त्यांचा थोरला पाळण्यात होता आणि स्कूटर दारात आली तेव्हा तो स्वतःच्या पायांनी शाळेत जात होता. “तवा गाडीसाठी थांबायचो. आता गाडी घिऊन थांबायचं. सुदारलाय देश.”

इतकं सोसूनही भाऊंचा प्रचार थांबला नाही. पाहुणा चहाला आला की त्याला खाली नेऊन एक चक्कर. लग्नात भेटलेल्याला किलोमीटरचा हिशोब. ज्या सेक्रेटरींनी पॉइंट अडवला, त्यांना तर भाऊ लिफ्टमध्ये गाठून तिसऱ्या मजल्यापर्यंत माहिती द्यायचे. चार्जिंगचं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, “अजिबात त्रास नाही. हायवेला लावली की झालं.”

सेक्रेटरी एक दिवस पेढे घेऊन आले. “तुमच्यामुळे घेतली हो. ४५ युनिटांची बॅटरी आहे. तुम्ही इतकं सांगत होतात, म्हटलं त्रास नाही तर काय हरकत आहे!”

भाऊंनी पेढा तोंडात ठेवला. तो घशाखाली उतरायला बराच वेळ लागला.

पुढच्या शुक्रवारी भाऊ हॉटेलवर पोचले, तेव्हा चार्जरला सेक्रेटरींची गाडी लागलेली होती. पडद्यावर ८८. सेक्रेटरी आतून भाकरीचा तुकडा मोडत हात हलवत होते. “दहाच मिनिटं!” शनिवारी तेच. रविवारी भाऊ मुद्दाम पहाटे गेले, तर सेक्रेटरी आधीच थर्मास घेऊन बसले होते, कारण अवेळी जायची युक्ती त्यांना भाऊंनीच लिफ्टमध्ये शिकवली होती. त्या आठवड्यात पहिल्यांदाच भाऊ ऑफिसात एका सहकाऱ्याला म्हणाले, “घाई करू नका. डिझेलमध्ये अजून दम आहे.”

मग सभेची नोटीस आली. ह्या खेपेला विषय आयत्या वेळचा नव्हता, पहिलाच होता. काळाची गरज ओळखून सोसायटीच्या खर्चाने पार्किंग क्रमांक एकजवळ १५ अँपिअरचा चार्जिंग पॉइंट बसवणे. पार्किंग क्रमांक एक सेक्रेटरींचं.

“सगळ्यांसाठीच आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “माझी झाली की भाऊंनी लावावी.”

“तुमची किती वाजता होते?”

“रात्री नऊला लावली, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोकळीच.”

“दुपारी मी पुण्यात असतो.”

“मग रविवारी घ्या तुम्ही. मी महाबळेश्वरला नसलो तर सांगेन.”

भाऊ उभे राहिले. पावसाळ्यात फरशीवर करंट उतरला तर काय, असं त्यांनी विचारलं. पोरं खेळतात तिथे, याची आठवण करून दिली. मीटर कुणाचा, वायर कॉमन भिंतीवरून का, मीटररूममध्ये जागा आहे का, डीपी उडाली तर जबाबदार कोण, आणि आज एकाला दिला तर उद्या सगळेच मागणार नाहीत कशावरून, हेही त्यांनी विचारलं. सेक्रेटरींनी खुर्चीतून न उठता सांगितलं, “अहो भाऊ, अर्थिंग असतं. एमसीबी असतो.”

ठराव मताला टाकला. आबांनीही बाजूने हात वर केला, कारण पार्किंगमध्ये बसून बघायला काहीतरी होईल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पॉइंटची वायर कुठून येणार, याची आधी चौकशी केली आणि मग हात वर केला. वहिनी तर बसल्या जागीच दोन्ही हात वर करून मोकळ्या झाल्या. विरोधात एकच मत पडलं, आणि इतिवृत्तात ते तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंच्या नावे नोंदवलं आहे.